दुर्गा खोटे : तीन भूमिका आणि एक विशेषण

मराठी रंगभूमी आणि बोलपट यांच्या इतिहासात दुर्गा खोटे यांचे नाव आले की त्यामागोमाग बहुधा एकच विशेषण येते : 'घरंदाज'. चित्रपटात काम करणारी पहिली घरंदाज स्त्री, पहिली सुशिक्षित कुलीन अभिनेत्री, अशा शब्दांत त्यांचे स्थान सांगण्याचा प्रघात पडून गेला आहे. वाक्य गौरवाचे आहे, आणि ते म्हणणाऱ्यांच्या मनात आदरच असतो. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने गौरवाच्या शब्दाकडेही पुराव्याइतक्याच सावधपणे पाहावयास हवे. विशेषण जसे काही दाखविते, तसे ते काही झाकतेही. ह्या एका शब्दाने काय काय झाकले गेले आहे, ते दुर्गाबाईंच्या तीन भूमिकांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मराठीत 'घरंदाज' हे घराण्याला, गायकीला आणि व्यक्तीला लागणारे विशेषण आहे. पण व्यक्तीला लागले तरी त्याचा भार व्यक्तीवर पडत नाही, ती ज्या घरातून आली त्या घरावर पडतो. शिवाय 'पहिली' ह्या शब्दाशेजारी ते बसले की आणखी एक गोष्ट घडते. मोजणी सुरू होण्यापूर्वीच चाळणी होऊन गेलेली असते. आधीच्या स्त्रिया नाकारल्या जात नाहीत, त्या नुसत्या मोजल्या जात नाहीत.

त्या मोजल्या न गेलेल्या स्त्रिया कोण, हे पाहण्यासाठी आपल्या नाशिक जिल्ह्यातच यावे लागते. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केली होती. फाळक्यांनी स्त्री मिळविण्यासाठी जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारणा केली, परंतु कोणीही स्त्री तयार होईना. त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला आणि 'मोहिनी भस्मासुर' हा पुढचा चित्रपट हाती घेतला. त्यात पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या भूमिकेत त्यांची तेरा वर्षांच्या आसपासची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, ह्या उभ्या राहिल्या. भारतीय चित्रपटातील पहिल्या स्त्रिया म्हणून ज्यांची नोंद होते त्या ह्याच मायलेकी. दोघीही रंगभूमीवर पोट भरणाऱ्या होत्या. कमलाबाईंनी पुढे अनेक दशके नाटकांतून आणि बोलपटांतून कामे केली. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र, आणि विक्रम गोखले हे नातू. म्हणजे दुर्गा खोटे पडद्यावर आल्या त्यापूर्वी अठरा वर्षे ही वाट एका आईने आणि मुलीने चालून दाखविली होती. 'पहिली घरंदाज' ह्या शब्दप्रयोगाने जी पहिली गोष्ट झाकली जाते ती ही.

आता दुर्गाबाईंच्या चरित्राकडे वळू. (यापुढे 'दुर्गाबाई' म्हणजे खोटे, असे समजावे.) त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी, मूळ गोव्याकडील लाड घराण्यात झाला. त्यांचे शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर महाविद्यालयात झाले. विश्वनाथ खोटे यांच्याशी विवाह होऊन त्या एका संपन्न कुटुंबात आल्या, आणि त्यांना दोन मुलगे झाले. पुढे सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली आणि स्वतः कमावण्याची वेळ दुर्गाबाईंवर आली. १९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' ह्या चित्रपटात त्यांनी एक छोटी भूमिका केली. त्या चित्रपटावरून त्यांच्यावर जी टीका झाली तिला त्यांचे कूळ आड आले नाही. उलट कुळामुळेच ती अधिक तिखट झाली. येथे दुसरी झाकलेली गोष्ट दिसते. दुर्गाबाईंना पडद्यावर आणले ते घराण्याने नव्हे, गरजेने. ह्या एका बाबतीत दुर्गाबाई कामत आणि दुर्गाबाई खोटे यांच्यात अंतर फार थोडे आहे. दोघीही मुलांच्या आया होत्या आणि दोघीही उपजीविकेसाठी काम करीत होत्या. एकीच्या श्रमाला इतिहासाने धंदा म्हटले आणि दुसरीच्या श्रमाला धाडस, एवढेच.

पहिली भूमिका तारामतीची. व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अयोध्येचा राजा' हा प्रभात कंपनीचा बोलपट १९३२ च्या फेब्रुवारीत मुंबईस मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते आणि संगीतही त्यांचेच होते. कथा तीच, फाळक्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी घेतलेली. पण आता तारामती स्त्री होती, आणि ती बोलत होती. ह्या दोन घटना एकदम घडल्या म्हणून त्या एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या निराळ्या आहेत. मूकपटात स्त्रीची आकृती आली होती, बोलपटाने तिचा आवाज आणला. साळुंके यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या, हे आकृतीच्या जगात शक्य होते. ध्वनिग्राहक यंत्र आल्यावर तसा प्रयोग कठीण झाला.

भाषेच्या अभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला. एकाच भाषेत ध्वनी मुद्रित करून तो दुसरीत बदलण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. प्रसंग एका भाषेत उभा करावयाचा आणि पुन्हा दुसरीत. पार्श्वगायनाची पद्धत १९३५ नंतर रूढ झाली, त्यामुळे नटीला स्वतःच गावे लागे. यंत्रापासूनचे अंतर सांभाळून, स्वर न चढविता, तरी प्रत्येक अक्षर ऐकू जाईल असे बोलावे लागे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची रंगभूमीची सवय येथे उपयोगी नव्हती. दुर्गाबाईंना ती सवय लागलेलीच नव्हती. रंगभूमीच्या तालमीचा अभाव हे त्यांच्या बाबतीत उणेपण न ठरता एक सोय ठरली, असे म्हणावयास जागा आहे.

त्यानंतरच्या दहा वर्षांतील भूमिकांची यादी बोलकी आहे. 'माया मच्छिंद्र' (१९३२) मधील स्त्रीराज्याची राणी किलोतला, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा' (१९३३) मधील मीरा, देवकी बोस यांच्या 'सीता' (१९३४) मधील सीता, शांताराम यांच्या 'अमरज्योती' (१९३६) मधील सूडाने पेटलेली चाचेगिरी करणारी सौदामिनी, 'भरत मिलाप' (१९४२) मधील कैकेयी, 'पृथ्वीवल्लभ' (१९४३) मधील मृणालवती. ह्यांतील बहुतेक स्त्रिया सत्ता हाती असलेल्या, किंवा सत्तेशी झुंजणाऱ्या आहेत. कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई अशा ठिकाणी, निरनिराळ्या कंपन्यांतून ही कामे झाली आहेत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या काळी नट-नटी कंपनीच्या मासिक पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी मात्र एका कंपनीची नोकरी न पत्करता चित्रपटागणिक करार करून काम केले, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'साथी' हा चित्रपट स्वतः निर्माण केला. आपल्या श्रमाची किंमत आपण ठरविणारी स्त्री, हे त्यांचे खरे वेगळेपण मानावयास हवे. 'घरंदाज' ह्या शब्दात त्याला कोठेच जागा नाही.

दुसरी भूमिका आनंदीबाईंची. सामान्यतः नट रंगभूमीवरून पडद्याकडे जात. दुर्गाबाईंचा प्रवास उलट झाला. बोलपटात नाव झाल्यावर त्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून रंगभूमीवर आल्या. कृ. प्र. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे १९०९ चे गद्य नाटक. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला खून आणि त्याभोवतीचे कारस्थान हा त्याचा विषय. मूळच्या प्रयोगांतून आनंदीबाई पुरुषच रंगवीत. मराठी मनात ही बाई एका अक्षराने कायम झालेली आहे. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, एका अक्षरात माणसाचा जीव असू शकतो ही जाणीव तिच्यात आहे. अशा स्त्रीची भूमिका गाण्याच्या आधारावर उभी राहू शकत नाही. बालगंधर्वांच्या काळापासून मराठी नाटकातील नायिका म्हणजे प्रथम गायिका, असे समीकरण झाले होते. पुढे हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे अशा स्त्रिया रंगभूमीवर आल्या, त्याही गायनाचे मोठे वैभव घेऊन आल्या. दुर्गाबाईंनी आनंदीबाई उभी केली ती गद्यावर. गद्य बोलणारी, विचार करणारी, प्रसंगी भय वाटावे अशी स्त्री मराठी प्रेक्षकांसमोर स्त्रीच्याच आवाजात आली, हे मी त्यांच्या रंगभूमीवरील कार्याचे सार समजतो.

तिसऱ्या भूमिकेने ह्या विधानास दुजोरा मिळतो. १९५४ साली साहित्य संघाने 'राजमुकुट' रंगभूमीवर आणले. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'चे हे रूपांतर नाशिकचे वि. वा. शिरवाडकर यांनी केले होते, आणि दिग्दर्शन हर्बर्ट मार्शल ह्या इंग्रज दिग्दर्शकाचे होते. नायकाच्या भूमिकेत नानासाहेब फाटक होते, आणि लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई. ही भूमिकाही मुळात स्त्रीसाठी लिहिलेली नव्हती. शेक्सपियरच्या काळी इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगे करीत. १६६० नंतरच तेथे स्त्रियांना रंगभूमी खुली झाली. सव्वाशे वर्षांनी सेरा सिडन्स यांनी लेडी मॅकबेथ अशी गाजविली की ती भूमिका पुढे नटीच्या सामर्थ्याची कसोटी मानली गेली. मराठीत शि. म. परांजपे यांनी 'मानाजीराव' ह्या नावाने 'मॅकबेथ'चे रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच केले होते, परंतु ते पुरुषांच्याच रंगभूमीचे युग होते.

तारामती, आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ ह्या तिन्ही भूमिका प्रथम पुरुषांनी घडविलेल्या आणि नंतर दुर्गाबाईंच्या वाट्याला आलेल्या आहेत. पहिली पतीच्या सत्यासाठी सर्वस्व सोडणारी. उरलेल्या दोघी पतीला रक्तपाताकडे नेणाऱ्या. साध्वी आणि कारस्थानी ह्या दोन टोकांना एकच आवाज पुरून उरतो, ह्यात कुळाचा काही भाग नाही. तो अभ्यासाचा आणि बुद्धीचा भाग आहे.

उत्तरायुष्यात त्यांनी आईच्या आणि वृद्धेच्या भूमिका केल्या. 'मोगल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई, 'बॉबी' (१९७३) मधील मिसेस ब्रगांझा ह्या त्यांतील ठळक होत. 'बिदाई' (१९७४) साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८) आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे त्यांचे मोठे सन्मान. ज्या फाळक्यांना १९१३ साली तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा सन्मान १९३२ च्या तारामतीला मिळाला. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच निर्मितिसंस्थेची. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

अखेरीस साधनांविषयी. दुर्गाबाईंचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले. ते उतारवयात, मागे वळून लिहिलेले असल्याने इतर आत्मचरित्रांप्रमाणेच तपासून वापरावे लागते. पण ते उपलब्ध आहे. कमलाबाई गोखले यांची हकीकत मात्र त्या नव्वदीच्या घरात असताना रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांच्या तोंडून आपल्याला ऐकू येते. एकीला लिहिता आले, दुसरीला कोणीतरी जाऊन विचारावे लागले. 'घरंदाज' ह्या शब्दाचा खरा परिणाम येथे, साधनांच्या उपलब्धतेत, दिसतो. कोणाचे आयुष्य लिहिले जावे आणि कोणाचे विरून जावे, हे तो शब्द बऱ्याच अंशी ठरवून टाकतो.

कळवणसारख्या तालुक्यात शिकविणाऱ्यास ही गोष्ट केवळ ग्रंथातली वाटत नाही. गावोगावच्या यात्रांतून तमाशाच्या फडांत उभ्या राहिलेल्या, अहिराणीत आणि मराठीत सारख्याच सहजतेने बोलणाऱ्या वृद्ध कलावंत स्त्रिया खानदेश-बागलाणाच्या ह्या पट्ट्यात आहेत. त्यांचे उच्चार, त्यांची पाठांतरे, बिदागीचे त्यांचे हिशेब आणि त्यांच्या प्रवासाच्या आठवणी ह्यांची नोंद करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. आणि ते काम वयाशी शर्यत लावून करावयाचे आहे. दुर्गा खोटे यांचे मोठेपण त्यामुळे तिळमात्र उणे होणार नाही. उलट, ज्यांच्या मालिकेत त्या उभ्या आहेत त्या स्त्रिया दिसू लागल्या, तरच त्यांनी स्वतः काय मिळविले त्याचे यथार्थ मोजमाप करता येईल.