अंबरनाथच्या शिखराची मोजणी

वालधुनीच्या काठी शके 982 म्हणजे 1060 साली, शिलाहार राजा माम्वाणी याच्या कारकिर्दीत पूर्ण झालेल्या अंबरनाथच्या शिवालयाचे शिखर आज भग्न आहे, आणि पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात गेलेल्या भाविकास मस्तकावर उघडे आकाश दिसते. असे भग्न शिखर संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभारण्याची विद्या अगदी नवी मानली जाते. परंतु तिचे कूळ दीडशे वर्षांहून जुने आहे आणि त्याची एक शाखा अंबरनाथच्याच अंगणात रुजली.

1858 साली जर्मनीतील वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापे घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला, आणि भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रांवरूनच मापे काढावीत, असे त्याने योजिले. दोन ज्ञात स्थानांवरून टिपलेल्या बिंदूचे स्थान दृष्टिरेषांच्या छेदाने निश्चित होते; आजचा संगणक शेकडो छायाचित्रांतील लक्षावधी बिंदूंची हीच मोजणी करतो.

इकडे 1868 साली सरकारी हुकमान्वये मुंबईच्या कलाशाळेचे टेरीसाहेब चित्रकार व साचेकार यांसह अंबरनाथास आले आणि त्यांनी मंदिराची रेखाटने, छायाचित्रे व शिल्पांचे प्लॅस्टरचे साचे करविले. पुढे झिजलेल्या दगडाचा तपशील ज्या दप्तरातून परत मिळावा, ते दप्तर या कामगिरीने सिद्ध झाले. अशा नोंदींचे मोल किती, हे येथील शिलालेखच सांगतो: अभ्यासक भाऊ दाजींनी त्यातील शक 782 वाचला, तर भगवानलाल इंद्रजींनी 982; एका अंकाने मंदिराचे वय दोन शतकांनी बदलले.

हे शिखर भूमिज शैलीचे. चार दिशांच्या लता, म्हणजे उभे पट्टे, आणि त्यांमधील लहान शिखरांच्या चढत्या ओळी नियमबद्ध असल्यामुळे, उरलेल्या भागावरून व मध्य प्रदेशातील उदयपूरच्या अभंग उदयेश्वरावरून गेलेल्या भागाचे अनुमान करता येते. तरीही ते अनुमानच होय. जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा, हा 1964 च्या व्हेनिस सनदेचा दंडक मला सर्वथा मान्य आहे. म्हणून नवे शिखर दगडात नव्हे, पडद्यावरच उभारावे, आणि त्यातील पुराव्याचा भाग व तर्काचा भाग निरनिराळ्या रंगांत दाखवावा.

पुराव्याचा भाग वाढवायला घरगुती छायाचित्रेही उपयोगी पडतील. म्हणून उल्हासनगरच्या निर्वासित छावण्यांत वसलेल्या सिंधी कुटुंबांपासून अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या घरांपर्यंत, ज्यांच्यापाशी या मंदिरासमोर काढलेली छायाचित्रे असतील, त्यांनी मागे साल लिहून ती जपावीत आणि अभ्यासकांस दाखवावीत, ही विनंती.