वालधुनीचे मूक साक्षीदार: चतुरांचे डिंभ

१/ ‘कॅम्प ४’ या पत्त्यात उल्हासनगरचा इतिहास सामावला आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथकडून येणारी वालधुनी याच शहरातून वाहते.

२/ २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस वालधुनीत सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे येथील शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. अशा नदीची प्रकृती जोखायची, तर तिच्यात राहणाऱ्या जिवांकडेच वळावे लागते.

३/ चतुर आणि टाचणी हे त्यांपैकीच. आकाशात दिसते ते त्यांचे प्रौढ रूप. पंख फुटण्यापूर्वीचे आयुष्य डिंभरूपाने पाण्यात जाते.

४/ या दोघांचे डिंभ ओळखणे सोपे असते. टाचणीचा डिंभ सडपातळ, टोकाला पानांसारखे तीन कल्ले असलेला. चतुराचा डिंभ जाडसर. त्याचे कल्ले गुदाशयात असतात आणि तिथले पाणी जोराने फेकून तो पुढे झेपावतो. दुमडलेला खालचा ओठ क्षणार्धात पुढे काढून भक्ष्य पकडण्याची रीत मात्र दोघांची एकच.

५/ जात ठरवणे त्याहून अवघड असते. ओठावरचे केस, शृंगिकांचे खंड, उदरावरचे काटे पाहावे लागतात. शिवाय डिंभ पाळून त्यातून प्रौढ कीटक बाहेर पडल्याखेरीज नावाची खात्री पटत नसे.

६/ म्हणूनच भारतातील चतुरांचा अभ्यास प्रामुख्याने पंखांवर उभा राहिला. लष्करी डॉक्टर एफ. सी. फ्रेझर यांनी १९१८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. १९३३, १९३४ व १९३६ मध्ये त्यांच्या ग्रंथाचे तीन खंड आले. त्यांनी काही डिंभांचीही वर्णने केली, तरी अनेक जातींचे डिंभ अज्ञातच राहिले.

७/ ऑस्ट्रेलियात आर. जे. टिलयार्ड यांनी १९१७ च्या ग्रंथात डिंभांच्या रचनेचा व वाढीचा सविस्तर विचार केला. पुढे थायशिंगर, हॉकिंग आदींनी ओळखीच्या मार्गदर्शिका रचल्या आणि नदीच्या आरोग्यतपासणीत डिंभांना स्थान मिळाले.

८/ वालधुनीला याचा उपयोग काय? तिच्यावर घिरट्या घालणारा पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा समुद्र ओलांडणारा प्रवासी असतो; त्याच्या उडण्यावरून खालच्या पाण्याविषयी फारसे कळत नाही. डिंभ मात्र त्याच पाण्यात वाढलेला असतो.

९/ तरीही नुसता डिंभ सापडणे पुरेसे नाही. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटाचे डिंभ घाण पाण्यातही तग धरतात; स्वच्छ ओढ्यांतील कित्येक जातींना ते जमत नाही. त्यामुळे जातीचे अचूक नाव कळले, तरच डिंभाची साक्ष नदीच्या कामी येते.