मोजणी : जमिनीची आणि माणसांची

इंदापूर तालुक्यातला शेतकरी सातबारा काढायला जातो, तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात नसते. मुंबई इलाख्याच्या जमीन-मोजणीची जी पद्धत पुढे सगळीकडे गेली, तिची सुरुवात त्याच्याच तालुक्यात झाली.

पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास पुणे भागात मोजणी केली. कागदावर ती मोठी शास्त्रशुद्ध दिसे. पण मापे चुकलेली आणि पिकाचे अंदाज फुगवलेले. सारा पेलेना, तेव्हा कित्येक कुणबी रान टाकून निघून गेले. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात पुन्हा मोजणी हाती घेतली. जमिनीचा मगदूर पाहून सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक रानात पुन्हा नांगर चालले. म्हणजे मोजणी ही नुसती कारकुनी नव्हे, तिच्यावर माणसांचे जगणे अवलंबून असते.

पुढे १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला. बारामती-इंदापुरात ऊस उभा राहिला, पण पाण्यामागोमाग जमिनी चोपणही होऊ लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारपड जमिनींचा अभ्यास करून तो १९१० साली प्रसिद्ध केला. रोग जमिनीच्या पोटात होता. तपासल्यावाचून तो दिसला नसता.

माणसाच्या पोटातही असाच एक मुका रोग असतो, तो मूत्रपिंडाचा. बरेच मूत्रपिंड निकामी होईपर्यंत माणसाला काही कळत नाही. पाय सुजले, भूक मेली, की मग धावाधाव. वास्तविक रक्ताची आणि लघवीची साधी तपासणी केली, तर तो आधीच सापडतो. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची नेहमीची कारणे.

पण मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात डॉक्टरांना निराळेच आढळले. डायलिसिसला येणाऱ्या बऱ्याच रोग्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाबाचा जुना विकार. ते पुष्कळसे शेतात राबणारे पुरुष होते. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. मग संशोधक गावोगाव गेले. सखल, उष्ण भागातल्या ऊसकामगारांत हा आजार जास्त निघाला, उंचावरच्या थंड मुलखात कमी. कडक उन्हातले कष्ट आणि अंगातले पाणी आटणे यांकडे बोट दाखवले गेले. सगळी कारणे मात्र अजून उलगडलेली नाहीत. तरी फडात पाणी, सावली आणि विसावा यांची सोय करण्याचे प्रयोग सुरू झाले. नुसत्या दवाखान्याच्या वहीवरून एवढे कळले नसते. त्या वहीत जो दारापर्यंत पोचतो त्याचेच नाव चढते.

आपल्याकडेही हेच आहे, असे मी म्हणत नाही. पण विचार करा. गळीत हंगामात बीडकडून कोयते येतात, फडाशेजारी कोप्या पडतात. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणे, गाडी भरणे. खाडा झाला तर पैसे कापले जातात. आमच्या गावच्या यादीत त्यांचे नाव नाही, आणि त्यांच्या गावी तपासणीला माणसे आली तर घराला कुलूप! मग ही माणसे मोजायची कोणी?

सोयी नाहीत असे नव्हे. २०१६ पासून गरिबांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना आहे. बारामतीला २०१९ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण डायलिसिस आठवड्यातून बहुधा तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास. उपचार फुकट असला, तरी बुडालेली मजुरी आणि एस.टी.चे भाडे कोण देणार?

म्हणून शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे. साखरशाळेत मुलांची नावे लिहाल, तेव्हा त्यांच्या आई-वडिलांचीही चौकशी करा, आणि आरोग्य केंद्राची माणसे आली की त्यांना कोप्यांपर्यंत घेऊन जा. ज्या इंदापुराने जमीन नीट मोजायला शिकवले, तिथे माणूस मोजायचा राहू नये.