हजेरीपटाची नक्कल

राजस्थानांतील राजसमंद, अजमेर व पाली या जिल्ह्यांच्या सीमेवरील प्रदेशांत पाऊस बेताचा आणि जमीन खडकाळ. दुष्काळी कामांवर राबून पोट भरणें हा तेथील कित्येक कुटुंबांचा नित्यक्रम. परंतु दिवसभर राबूनहि ठरलेली मजुरी पदरीं पडत नसे. विचारणा केली तर हजेरीपटावर काम कमीच मांडलेलें आहे, असें उत्तर मिळे. हजेरीपट पाहूं म्हटलें, तर तो सरकारी कागद! इंग्रजांनीं १९२३ सालीं केलेला सरकारी गुपितांचा कायदा स्वराज्यांतहि कायम होता.

१९९० सालीं या भागांत अरुणा रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'मजदूर किसान शक्ति संगठन' ही संस्था स्थापिली. डिसेंबर १९९४ मध्यें पाली जिल्ह्यांतील कोट किराना येथें तिनें पहिली 'जनसुनवाई' भरविली. प्रयासानें मिळविलेले कागद भर सभेंत वाचले जात आणि त्यांतील खरेंखोटें गांवकरीच सांगत. कामाकडे कधीं न फिरकलेल्यांच्या नांवेंहि मजुरी उचललेली आढळली.

एप्रिल १९९५ मध्यें मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनीं विधानसभेंत नकला देण्याचें आश्वासन दिलें. वर्ष लोटलें, कांहींच झालें नाहीं. तेव्हां ६ एप्रिल १९९६ रोजीं ब्यावर येथें मजुरांनीं धरणें धरलें. सरकारनें तत्परतेनें आदेश काढला : कागद पाहावेत, हातानें टिपून घ्यावेत, मात्र छायाप्रत मिळणार नाहीं. ही मेख मजुरांनीं बरोबर ओळखली. हातच्या टिपणाला पुरावा कोण मानणार? नकलेवांचून अपहार सिद्ध होणें कठीण, म्हणून धरणें ४० दिवस चाललें. पुढें १९९७ सालीं जयपुरास ५३ दिवसांचें दुसरें धरणें झालें. त्याच्या अखेरीस सरकारनें सांगितलें, पंचायतींच्या कागदांच्या नकला देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वींच निघालेली आहे! माहिती देण्याचा हुकूमच गुप्त राहावा, याहून कचेरीच्या संवयीचें बोलकें उदाहरण विरळा.

राजस्थानाचा कायदा २००० सालीं झाला. सबंध देशासाठीं केलेला कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें नागरिकानें लेखी अर्ज करावा. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांसाठीं शुल्क १० रुपये ठरलें, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेंहि माफ. माहिती कशासाठीं हवी, हें विचारण्याचा अधिकाऱ्यास अधिकार नाहीं. उत्तर ३० दिवसांत. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत. नकार मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आणि नंतर माहिती आयोगाकडे अपील. ब्यावरच्या मजुरांना ज्या एका गोष्टीसाठीं उन्हांत बसावें लागलें, ती कायद्याच्या व्याख्येंतच घातली गेली : कागद पाहणें, टिपणें घेणें आणि प्रमाणित नक्कल मिळविणें.