रोलमधले उरलेले दोन फोटो

दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली आला. झाकण उघडल्याबरोबर सौ. म्हणाली, "ह्यात कधी लोणचं घातलं होतं का हो?" वास आंबटच होता, पण लोणच्याचा नव्हे. आत माझ्या निगेटिव्ह होत्या. त्या काळच्या फिल्मची पट्टी सेल्युलोज ॲसिटेटची. उष्णतेने आणि ओलीने ती हळूहळू कुजते, तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि डबाभर व्हिनेगरचा वास पसरतो. हे एकदा सुरू झालं की त्या आम्लानेच पुढची कूज वेगाने होते. आमच्या चांदूर रेल्वेचा मे महिना आणि डोक्यावर टिनाचं छप्पर. पन्नास वर्षं त्या निगेटिव्ह टिकल्या, हेच नवल म्हणायचं.

एकूण सात रोल, म्हणजे चौऱ्याऐंशी फोटो. त्यातले एकसष्ट अजून दिसण्यासारखे आहेत.

१९७३ साली शाळेत लागलो आणि वर्षभराने जुना क्लिक थ्री कॅमेरा घेतला. माझ्या वयाच्या वाचकांना तो काळा डबा आठवत असेल. आग्फाचा हा कॅमेरा आपल्याकडे बडोद्याला बनत असे. उजेडासाठी सूर्य आणि ढग अशा दोन चित्रांतलं एक निवडायचं, बाकी काही करायचं नाही. पाठीमागे लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यात रोलच्या कागदावरचा आकडा दिसला की थांबायचं. सहा सेंटिमीटरचे चौकोनी बारा फोटो. हा १२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ साली आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला होता आणि तो आजही मिळतो. कोडॅक कंपनीला मात्र २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला!

रोल मिळवणं ही त्या वेळी एक खटपटच होती. परकीय चलनाची टंचाई, त्यामुळे बाहेरच्या मालावर निर्बंध. सरकारने १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली आणि १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. 'इंदू' हे तिच्या मालाचं नाव. इंदू म्हणजे चंद्र, आणि फिल्मवर असते चांदी. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटे. तो कारखानाही आता बंद पडला आहे. तर असा रोल अमरावतीहून आणायचा, संपला की धुवायला पुन्हा अमरावतीलाच न्यायचा, आठ दिवसांनी कातरलेल्या कडांचे फोटो हातात यायचे. तेरावा फोटो नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळे आपण जरा मोजूनमापूनच वागायचो.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार उशिरा कळली. आपल्या गावांच्या रोजच्या जगण्याचे फोटो नाहीत, याचं एक मोठं कारण हे मोजूनमापून वागणं आहे. घराघरात लग्नाचे फोटो आहेत, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर ताठ बसलेले आजोबा आहेत. पण आठवडी बाजार, टांगा स्टँड, पाणवठा? त्यावर रोल कोण घालवणार? वास्तविक सुरुवात आपल्याकडे लवकर झाली होती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता आणि नारायण दाजींनी मुंबईतल्या साध्या माणसांचे फोटो काढले होते. तेव्हा काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा अशी पद्धत होती. उघडझाप इतकी सावकाश की रस्त्याचा फोटो घ्यावा तर चालणारी माणसं पुसली जायची, रस्ता तेवढा उरायचा.

पुढे १९३० नंतरच्या मुंबईत होमाई व्यारावाला यांनी रस्त्यावरचं, बायकांचं, कॉलेजातल्या मुलींचं जगणं टिपलं. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. नंतर त्या दिल्लीला गेल्या, नेहरू-माउंटबॅटन यांच्या फोटोंनी त्यांचं नाव झालं. मला मात्र त्यांच्या मुंबईच्या मुलीच जास्त आवडतात. शेवटची बरीच वर्षं त्या बडोद्याला राहिल्या आणि २०१२ साली तिथेच वारल्या. माझा कॅमेराही बडोद्याचा, एवढंच काय ते आमचं नातं!

मी काही मोठा फोटोग्राफर नव्हतो. पण प्रवासाला निघालो की कॅमेरा गळ्यात असायचा. डब्यात अमरावतीचं जवाहर गेट आहे, त्याच्या पोटातून सायकली बाहेर पडताहेत. एकावर रोल सरकवायचा विसरलो, म्हणून परकोटाच्या भिंतीतून टांग्याचा घोडा निघालेला दिसतो. अकोल्याला जाताना काढलेल्या एकात कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग आहे. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी सुरू झाली होती, मोजमापाला बंड्या तासन्‌तास उभ्या असत. एक गाडीवान जुवाला टेकून झोपला आहे. फोटो काढत होतो तेव्हा शेजारचा म्हणाला, "कायले रोल वाया घालवता गुरुजी, थो त झोपला हाये!" आज तो झोपलेला माणूसच मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या शेजारी रेल्वेतले एक पॉइंट्समन राहत. नागपूरपर्यंतची ही लाइन १८६७ सालची. चांदूर बाजार वेगळं ओळखू यावं म्हणून आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, तेव्हा अशी माणसं प्रत्येक आळीत. १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात ते होते. ८ ते २७ मे, वीस दिवस. त्यांच्या घरी चूल कशी पेटली हे आमच्या आईला माहीत होतं, मला नव्हतं. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला निघालो. बडनेऱ्याला जाणारी पॅसेंजर यायची होती. समोर इंजिन पाणी घेत होतं, त्याचा एक फोटो काढला. हे गृहस्थ जवळ आले, हातातला कंदील खाली ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, माह्याही एक काढा ना. घरी नाही एकही."

रोलमध्ये दोन फोटो उरले होते. मी म्हणालो, "रोल संपला हो."

ते हसले. "बरं, मंग पुढच्या खेपेले," म्हणाले आणि कंदील उचलून गेले. ते दोन फोटो मी मुंबईसाठी राखले होते. एक डबल डेकर बसचा, तो हलला. दुसरा गेटवेचा. सकाळी शहराकडून उभं राहिलं की सूर्य कमानीच्या पाठीमागे समुद्रावर असतो, हे ध्यानात आलं नाही. गेटवे नुसता काळा ठोकळा आला आहे. पुढची खेप काही आली नाही. त्यांची बदली झाली आणि काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

दिवाळीत त्यांचा मुलगा भेटायला आला. तोही आता साठीचा. बोलता बोलता म्हणाला, "काका, बाबांचा फोटो नाही हो आमच्याकडे. नोकरीच्या पासावर होता, तो पुरात गेला." मी काही बोललो नाही. डबा आणला. नातीने मोबाइलवर पांढरा पडदा लावून त्यावर निगेटिव्ह ठेवली, दुसऱ्या मोबाइलने फोटो घेतला आणि काळ्याचं पांढरं करून दाखवलं. इंजिन, पाण्याची सोंड, वाफ. उजव्या कडेला अर्धा माणूस. खांदा, एक हात आणि हातात कंदील. चेहरा चौकटीच्या बाहेर. ते माझ्याकडेच येत होते.

मुलगा बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "खांदा बाबांचाच. डावा जरा खालीच असायचा त्यांचा." मग मी त्याला रोलची गोष्ट सांगितली, दोन फोटोंसकट. त्यावर तो काहीच म्हणाला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "इंजिन कापू नका काका. पूर्ण आहे तसाच द्या."

तसाच मोठा करून दिला आहे. बाकीच्या साठ निगेटिव्हचं काम नातीबरोबर रोज थोडं थोडं चाललं आहे. पुष्कळशा पट्ट्या आक्रसल्या आहेत. अकोल्याच्या मंडळींना एक विनंती: १९७६ च्या लग्नाच्या वेळी माझे दोन रोल तुमच्याकडे राहिले होते. कपाटात, ट्रंकेत कुठे आंबट वास आला तर फेकू नका, मला कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.