गव्हाचें पथ्य आणि सरकारचें कर्तव्य

रोग्यास औषध पुरविणें हें सरकारचें कर्तव्य होय, हें तत्त्व अनेक देशांनीं मान्य केलें आहे. परंतु ज्या रोगावर पथ्य हेंच एकमेव औषध, तेथें सरकारनें काय करावें?

सीलिअॅक हा असाच एक आंतड्यांचा विकार. गहूं, जव व राय ह्या धान्यांतील ग्लूटेन पोटांत गेलें कीं रोग्याच्या शरीरांतील संरक्षक शक्ति लहान आंतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तर झिजतें, अन्नरस शोषला जात नाहीं, आणि मूल खाऊनहि खंगत जातें.

१८८८ सालीं लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी ह्यांनीं ह्या रोगाचें सुस्पष्ट वर्णन केलें व तो बरा झालाच तर पथ्यानेंच होईल, असें मत मांडलें. परंतु वर्ज्य काय, हें उमगावयास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. हॉलंडांतील बालवैद्य विलेम डिके ह्यांस गव्हाविषयीं संशय महायुद्धापूर्वींच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत तेथें भयंकर अन्नटंचाई होऊन पाव दुर्मिळ झाला, तेव्हां तो संशय बळावला. १९५० सालीं उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत त्यांनीं गव्हाचा दोष सप्रमाण दाखविला.

रोगाचें कारण कळलें, तरी खर्चाचा प्रश्न उरला. ग्लूटेनरहित पाव साध्या पावाहून बराच महाग; आणि हें पथ्य तर जन्मभराचें! गरिबानें तें पाळावें कसें? इटलीनें २००५ सालच्या १२३ व्या कायद्यानें ह्या विकारास सामाजिक व्याधि ठरवून अशा अन्नासाठीं मासिक साहाय्य, आणि शाळा व रुग्णालयें ह्यांच्या भोजनगृहांत पथ्याचें जेवण, ह्यांची तरतूद केली. २०१८ च्या आदेशानें १८ ते ५९ वर्षांच्या पुरुषास दरमहा ११० व स्त्रीस ९० युरो ही मर्यादा ठरली. २०२३ सालीं तर मुलांची आगाऊ तपासणी करण्याचाहि कायदा झाला. उलट इंग्लंडनें २०१८ मध्यें डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे असे पदार्थ पाव व पिठाचीं मिश्रणें एवढ्यांपुरतेच ठेविले.

महाराष्ट्राच्या चुलीवरील ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ हीं धान्यें मूळचींच ग्लूटेनरहित होत. तथापि गिरणींत गव्हाचें पीठ त्यांत मिसळल्यास तें पथ्य व्यर्थ जातें. म्हणूनच किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसेल तरच मालावर तसा उल्लेख करावा, असा भारतांतहि नियम आहे. औषधाच्या बाटलीइतकीच पिठाच्या पिशवीचीहि काळजी वाहणें, हें लोककल्याणकारी राज्याचें खरें लक्षण होय.