राजाचा गळ, कोळ्याची दोरी: मानसोल्लासापासून नायलॉनपर्यंत

१/ गळाने मासे धरण्याला कोकणात 'गरवणे' म्हणतात. मी मूळची सांगलीची. कृष्णेत गळ टाकण्याची सवय लहानपणापासूनची. त्या भरवशावर रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर गरवायला उभी राहिले आणि पहिल्याच फेकीत दोरी तुटून शंभर ग्रॅमचे शिसे एकटेच समुद्रात गेले. शेजारी गरवीत बसलेले काका म्हणाले, "बाय, ही नदीची दोरी. दर्याला ही पुरायची नाही." आजचा धागा या दोरीच्या इतिहासाचा.

२/ प्रथम एक अडचण. मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत तांब्याचे गळ सापडले आहेत. म्हणजे गळाची विद्या आपल्याकडे चार हजार वर्षांहून जुनी. त्या गळांना बांधलेली दोरी मात्र हाती लागत नाही. धातू मातीत टिकतो, वनस्पतीचा तंतू कुजतो. म्हणून दोरीचा माग काढायचा तर उत्खननाइतकाच ग्रंथांचा आधार घ्यावा लागतो.

३/ असा ग्रंथ आपल्याच परिसरातल्या राजसत्तेने दिला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर, बिरुद 'भूलोकमल्ल', याने शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. 'अभिलषितार्थचिंतामणि' हे त्याचे दुसरे नाव. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे एकूण शंभर अध्याय. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत आणि रत्नपरीक्षेपासून संगीतापर्यंत त्यात बहुतेक सर्व आले आहे.

४/ कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. मग सातारा-सांगलीचा संबंध कोणता? त्या काळी हा प्रदेश चालुक्यांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांकडे होता. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याचा विवाह कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी, चंद्रलेखेशी झाला. काश्मिरी कवी बिल्हण याने 'विक्रमांकदेवचरित' या काव्यात तिच्या स्वयंवराचे वर्णन केले आहे. ज्या कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तेच हे गाव.

५/ मानसोल्लासाच्या चौथ्या विंशतीत 'मत्स्यविनोद' हा अध्याय येतो. त्यात सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नोंद आहे. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, अशी त्यांची विभागणी आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून एका जागी राहण्याची सवय लावावी, हे सांगून मग दोरी, काठी, गळ आणि आमिष यांचा विचार केला आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडे राजधानी असलेल्या राजाच्या ग्रंथात समुद्रातले मासे यावेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

६/ या अध्यायाकडे आधुनिक प्राणिशास्त्राचे लक्ष वेधले ते सुंदरलाल होरा यांनी. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक असताना, १९५१ मध्ये, त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. तुलनेसाठी पाहा: गळाच्या विद्येवरील पहिले छापील इंग्रजी पुस्तक १४९६ चे. त्यात घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी सांगितली आहे. मासा जितका मोठा तितके केस अधिक, सामन माशासाठी पंधरा. मत्स्यविनोद त्याच्याही साडेतीन शतके आधीचा.

७/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून एक प्रश्न विचारायला हवा. कोणता मासा काय खातो, हे राजाला कोणी सांगितले? महालात बसून ही माहिती होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नदीत आणि खाडीत उतरणाऱ्या माणसांचे निरीक्षण या श्लोकांमागे असले पाहिजे. हा माझा तर्क आहे. ग्रंथ त्यांची नावे देत नाही. त्यांचे श्रम राजाच्या विनोदाच्या सदरात जमा झाले.

८/ हेच पुढे पुन्हा घडले. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतील मासे शास्त्रीय पद्धतीने नोंदवले. दख्खनी महसीरचे शास्त्रीय नाव 'टोर खुद्री', आणखी एका माशाचे 'कोलुस'. 'खुद्री' आणि 'कोलुस' हे शब्द त्याने मराठी बोलणाऱ्यांकडून ऐकलेले. जगभरच्या प्राणिशास्त्रात आमच्या नदीकाठचा उच्चार असा जाऊन बसला. नावापुढे शोधक म्हणून मात्र साइक्स एकटाच लागतो.

९/ आता दोरीकडे. आपल्याकडे ताग, अंबाडी, कापूस यांचे सूत वळून जाळी आणि दोऱ्या होत. त्या लवकर कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या तुरट काढ्यात बुडवीत आणि वापरानंतर उन्हात वाळवीत. १८७३ मध्ये मद्रासचा मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' निघाले. त्या पिढीचे साहेब रेशमी दोरी वापरत आणि टोकाला रेशीमकिड्याच्या ग्रंथींपासून ओढलेली तात जोडत.

१०/ १९३८ मध्ये अमेरिकेच्या ड्युपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि दोरीचा इतिहास दोन भागांत विभागला गेला. एकसलग, पारदर्शक, न कुजणारा, स्वस्त तंतू. वाळवणे संपले, सालीचा काढा संपला, आणि ते करण्याचे कसबही हळूहळू विसरले गेले.

११/ मग माझी दोरी भाट्याला का तुटली? नदीत दोरीला मुख्यतः माशाची ओढ सोसायची असते. वाळूच्या किनाऱ्यावर ताण फेकीच्या क्षणीच येतो: जड शिसे लांब काठीने झटक्यात भिरकावले जाते. पाण्यात पडल्यावर परतणारी लाट आणि किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह दोरीला सतत ढकलतात. दोरी जाड असेल तर ती ढकल वाढते आणि फेकही आखूड पडते; बारीक असेल तर झटक्याने तुटते.

१२/ यावरचा तोडगा म्हणजे दोन दोऱ्या. रिळावर बारीक दोरी आणि तिच्या टोकाला झटका सोसणारी जाड दोरी. ही जाड दोरी इतकी लांब हवी, की फेकताना तिचे काही वेढे रिळावरच राहतील. जगभरचे गरवणारे एक हिशेब सांगतात: शिशाच्या प्रत्येक औंसामागे दहा पौंड ताकद. शिसे चार औंसांचे, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम, तर जाड दोरी चाळीस पौंडांची, म्हणजे सुमारे अठरा किलो ताण सोसणारी. हा केवळ शिसे वाचवण्याचा हिशेब नव्हे; तुटून सुटलेले शिसे शेजारच्या माणसाच्या डोक्यात बसू शकते.

१३/ निवड अशी. नायलॉन ताणले जाते, म्हणून लाटेचे हिसके पचवते; शिकाऊ माणसाला तेच बरे. विणलेली दोरी त्याच ताकदीला बरीच बारीक, ताण जवळजवळ नाही, म्हणून दूरवरची माशाची टोचणी हाताला कळते. पण खडकावर घासली तर लवकर कापली जाते. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसते आणि लवकर बुडते. ते गळाजवळच्या तुकड्यासाठी. दोरी कोणतीही असो, घरी आल्यावर गोड्या पाण्याने रीळ धुवावे.

१४/ काकांनी त्या दिवशी मला दोन दोऱ्यांची गाठ तीनदा बांधून दाखवली आणि निघताना किनाऱ्यावर पडलेले नायलॉनचे गुंते उचलून पिशवीत भरले. "ही कुजत नाही, पाखरांच्या पायात अडकते," एवढेच म्हणाले. सोमेश्वराच्या काळची दोरी आपल्याला सापडत नाही; आपली मात्र पुढच्यांना हवी त्याहून जास्त सापडेल. तुमच्या घरी, कृष्णाकाठी वा कोकणात, जाळ्याला सालीचा काढा देणारे कोणी आजी-आजोबा असतील, तर कोणती साल, किती वेळ उकळत, हे विचारून कृपया येथे लिहा. ते अजून कोणत्याही ग्रंथाच्या भरवशावर सोडू नये.